आधी कोण, ते तू सांगणार होतास

मिलिंद,

येत्या रविवारी बार्बेक्यू आहे आणि तुझा निकाल मला जाहीर करायचा आहे. अडचण एवढीच की तू तो मला सांगितलाच नाहीस.

तुला जाऊन महिना होऊन गेला. घरी येणारे लोक दबक्या आवाजात बोलतात, वरणभाताचे डबे ठेवून जातात, काळजी घ्या म्हणतात. इशिदा-सानांचा फोन आला तेव्हा तेही आधी असंच काहीबाही बोलले. मग खाकरले आणि म्हणाले, "वहिनी, त्या निकालाचं काय करायचं?" जपानीत ते अर्थातच वहिनी म्हणाले नाहीत, पण त्यांच्या 'ओकुसान'चं मराठी मी कायम हेच करत आले आहे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तू गेल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी मला तुझ्याविषयी असं काही विचारत होतं, ज्यात माझी कीव नव्हती. मी म्हटलं, "मी बघते." फोन ठेवल्यावर लक्षात आलं की बघायला काहीच नाही. तुझ्या लॅपटॉपमध्ये काही लिहिलेलं नाही. आपल्या ईशाला काही बोलला नाहीस. मला जे बोललास त्याचा अर्थ लागत नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादिकाबाईंनी मला तुझ्याबद्दल लिहून दे म्हणून गळ घातली आणि वाचणाऱ्यांना नीट कळेल असं लिही, असंही बजावलं. म्हणून तुला तोंडपाठ असलेल्या गोष्टी मी आता तुलाच सांगणार आहे. ऐकून घे. मला मध्येच तोडायची तुझी सवय यावेळी चालायची नाही.

तर, तोक्योमध्ये दोन खाजगी विद्यापीठं आहेत. एक तुझं, एक माझं. नावं मी लिहीत नाही, कारण लिहिली की आधी कोणाचं लिहिलं यावरून पुन्हा सुरू होईल. दोघंही म्हणतात, देशात पहिले आम्ही. तुमच्या लोकांचं म्हणणं, आमचे गुरुजी एका भाड्याच्या खोलीत चार पोरांना परकी भाषा शिकवायला बसले, त्या दिवशी आमचं विद्यापीठ सुरू झालं. आमच्या लोकांचं म्हणणं, खोलीत शिकवणी घेतली म्हणून विद्यापीठ होत नाही. तसं असेल तर सदाशिव पेठेत घरटी एक विद्यापीठ आहे. आमच्या संस्थापकांनी पहिल्या दिवसापासून मोठी संस्था काढायची म्हणून जागा घेतली, इमारत बांधली, नाव दिलं आणि मगच दार उघडलं. त्याला स्थापना म्हणतात. पुढे सरकारनं खाजगी संस्थांना विद्यापीठ म्हणवून घ्यायची परवानगी दिली, ती या दोघांना एकाच दिवशी मिळाली. तर त्या दिवशीच्या कागदावर वरचं नाव कोणाचं, यावरही भांडण आहेच. आमचं वर होतं असं आमचे लोक शपथेवर सांगतात. आणि हे दोघे असे हमरीतुमरीवर आले की क्योतोमधलं देवळातून निघालेलं तिसरंच एक विद्यापीठ हळूच सांगतं, आमच्याकडे भिक्षू शिकत होते तेव्हा तुम्हा दोघांचे संस्थापक जन्मालाही आले नव्हते. त्या देवळाचं नाव काढलं की तू आणि मी तेवढ्यापुरते एक व्हायचो.

हे भांडण ऑकलंडपर्यंत येईल असं कोणाला वाटलं असतं? ते आणलं इशिदा-सानांनी. २०११ साली आपल्याकडे रग्बीचा वर्ल्ड कप होता. पापाटोएटोच्या स्टेशनवर तू दोन हरवलेल्या जपानी प्रवाशांना शहराकडची गाडी समजावून देत होतास, अगदी आदरार्थी जपानीत, आणि मागे मसाल्यांच्या पिशव्या घेऊन उभे असलेले इशिदा-सान ऐकत होते. त्यांनी तुला विचारलं, कुठे शिकलात? तू नाव सांगितलंस आणि त्यांनी पिशव्या खाली ठेवून तुला वाकून नमस्कार केला. ते तुमचेच निघाले, तुझ्याहून तीसेक वर्षांनी वरचे, जहाजाच्या कंपनीतून निवृत्त झालेले. त्याच नोव्हेंबरात त्यांनी आपल्याला बार्बेक्यूला बोलावलं.

दोन्ही विद्यापीठांचे इथले माजी विद्यार्थी मिळून वर्षातून एकदा समुद्राकाठच्या बागेत जमतात. माणसं थोडी, त्यातली निम्मी सत्तरीच्या पुढची. जेवणाआधी सगळ्यांनी पेला उचलून 'कांपाई' म्हणायचं असतं आणि ते आधी म्हणायचा मान वडीलधाऱ्याचा. इथे वडीलधारं म्हणजे माणूस धरायचा नाही, संस्था धरायची. म्हणजे जी आधी स्थापन झाली तिच्या माणसानं आधी पेला उचलायचा. झालं. तुमच्याकडून इशिदा-सान उभे राहायचे आणि आमच्याकडून मोरिता-सान, जे टौरंगाला किवीच्या बागांमध्ये आयुष्यभर काम करून आता तिथेच राहतात आणि दरवर्षी किवीची पेटी गाडीत टाकून येतात. दोघं एकमेकांना अत्यंत नम्रपणे, कमरेत वाकून, तुमचं कसं चुकतंय ते समजावायचे. तोवर सॉसेजेस करपायचे. शेवटी दोन म्हातारे समोरासमोर उभे राहून दगड-कागद-कात्री खेळायचे आणि जो जिंकेल तो कांपाई म्हणायचा. हरलेला गोड खायची वेळ येईपर्यंत तोंड पाडून बसायचा. ईशा तेव्हा दहा वर्षांची होती. ती मला कानात म्हणाली, "आई, आर दे सीरियस?" मी म्हटलं, गप्प बस, हे फार महत्त्वाचं आहे.

आणि खरंच महत्त्वाचं होतं. इशिदा-सानांची बायको गेलेली, मुलगा सिडनीत. मोरिता-सानांनी लग्नच केलं नाही. वर्षभर कोणी त्यांना कुठे शिकलात म्हणून विचारत नसेल. त्या एका दुपारी ते पुन्हा विशीतले व्हायचे. हे मला तू सांगितलंस. मला तेव्हा फक्त करपलेले सॉसेजेस दिसत होते.

आपलं म्हणशील तर आपल्याला भांडायला बार्बेक्यूची गरज नव्हती. पुण्यातून दोघंही जपानी शिकून तोक्योला गेलो, पण भेटलो तिथे. तू एक वर्ष भाषेसाठी माझ्या विद्यापीठात आलास आणि मग पुढच्या शिक्षणाला शिष्यवृत्ती मिळाली म्हणून सरळ समोरच्या गोटात निघून गेलास. मी तुला आयाराम-गयाराम म्हणायचे. तू म्हणायचास, मी दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, म्हणून फक्त मीच तटस्थ आहे. तटस्थ कसला, भाड्याच्या त्या खोलीतल्या गुरुजींचा विषय निघाला की तुझे डोळे भरून यायचे. तुझं म्हणणं ठरलेलं होतं. गोष्ट सुरू कधी होते? कोणीतरी मनापासून सुरू करतं तेव्हा. बाकी कागद, शिक्के, फीत कापणं हे सगळं नंतर येणाऱ्यांच्या सोयीसाठी.

आणि माझं म्हणणंही ठरलेलं. शिक्का पडेपर्यंत काही खरं नसतं.

हे आपल्या घरात प्रत्येक बाबतीत चाललं. इथे आलो, तेव्हा तू पहिल्या आठवड्यात जॅंडल्स, म्हणजे आपल्या स्लिपर्स, घालून कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेलास, परत आलास आणि म्हणालास, आता आपण इथले. मी रेसिडेन्सीचा स्टिकर पासपोर्टवर लागेपर्यंत बॅगा माळ्यावर टाकल्या नव्हत्या. फ्लॅट बुश या उपनगरात घर बांधायला घेतलं, नुसता काँक्रीटचा ओटा ओतला होता, वारा असा की उभं राहवत नव्हतं, आणि तू त्या ओट्यावर थर्मास आणि चकल्या घेऊन बसलास. हा हॉल, ही ईशाची खोली, बस, चहा घे. मी बाहेर गाडीत बसून राहिले. कौन्सिलचा कागद आल्याशिवाय त्या घरात पाऊल टाकणार नाही म्हणाले. तू चहा गाडीत आणून दिलास.

लग्नाचंही तेच. मी धरते ती तारीख पुण्यातल्या नोंदणी कार्यालयातली. तू धरायचास ती तोक्योतली, मला ताप आला होता तेव्हाची. माझ्या वसतिगृहात पुरुषांना वर यायला बंदी, म्हणून तू खालच्या स्वयंपाकघरात भात शिजवलास आणि दुकानातून दही आणून कालवलंस. दह्याच्या डब्यावर काय लिहिलंय ते तू घाईत वाचलंच नाहीस. ते व्हॅनिलाचं गोड दही होतं. त्यात तू मीठ घातलंस, मिरची घातलीस, आणि माझी मैत्रीण तो वाडगा वर घेऊन आली. मी तो संपवला. का संपवला ते मला आजही सांगता येणार नाही. खाली निरोप पाठवला, छान झालाय. तू म्हणायचास, ज्या मुलीनं तो दहीभात संपवून छान झालाय म्हटलं, तिच्याशी माझं लग्न त्याच दिवशी झालं, पुण्यात नंतर आपण नुसती सही केली.

गेल्या वर्षीच्या बार्बेक्यूत मोरिता-सान म्हणाले, आता पुरे. आम्ही म्हातारे झालो, किती वर्षं बोटं नाचवायची? मिलिंद-सान दोन्हीकडे शिकलेत, त्यांनी नीट विचार करावा आणि पुढच्या वर्षी कारणांसहित निकाल द्यावा, आम्हाला मान्य असेल. इशिदा-सान लगेच हो म्हणाले, कारण तू त्यांचा. मोरिता-सानांचा डाव असा की माझा नवरा मला सोडून कुठे जाणार. तू इतका खूष झालास की पाव्हलोव्हा केकचा दुसरा तुकडा घ्यायचं विसरलास. आपलं आयुष्यभराचं भांडण आणि तुला त्याचा न्यायाधीश केलं. परत येताना मोटरवेवर मी सहज विचारलं, काय देणार निकाल? तू आरशात बघून गंभीरपणे म्हणालास, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. वर्षभर हेच ऐकवलंस. भाजी कुठली करू विचारलं तरी प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

मग तुझी पाठ दुखायला लागली.

याबद्दल मला लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तुला आधीच कळलं होतं. तू गॅरेज आवरायला काढलंस, ईशाला गाडीचं तेल कसं बघायचं ते शिकवलंस, गिझरचा व्हॉल्व्ह मला दोनदा दाखवलास. मी म्हणत राहिले, रिपोर्ट येऊ दे, रिपोर्ट येईपर्यंत काही नाही. तुझ्या हिशेबानं आजार केव्हाच सुरू झाला होता आणि माझ्या हिशेबानं आपण अजून सुखात होतो. एका घरात राहून आपण काही आठवडे वेगवेगळ्या काळात राहत होतो. डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितलं की स्वादुपिंडाचं हे दुखणं आधी कळून फार फरक पडला नसता. तेव्हा मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट मी हट्टानं मिळवलेले ते आठवडे आपण हसलो, इथल्या कोरोमंडलच्या किनाऱ्यावर जाऊन आलो, तू शॉर्ट्स आणि मोजे घालून पाण्यात उतरलास. तूही मग माझ्या हिशेबात राहायला आलास, निदान तसं दाखवलंस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले.

हॉस्पिटलमध्ये दोघे म्हातारे तुला भेटायला आले, वेगवेगळ्या दिवशी. इशिदा-सान संत्री सोलून घेऊन आले, पांढऱ्या शिरासुद्धा काढलेल्या. मोरिता-सान तीन तास गाडी चालवून टौरंगाहून आले आणि अर्ध्या तासात परत निघाले. दोघांनीही मला कॉफी आणायला बाहेर पाठवलं. मला वाटलं, हे खाटेवरच्या माणसाला आपल्या बाजूला ओढायला बघतायत. मी तुला म्हटलं, लाज वाटत नाही यांना? तू म्हणालास, बिचारे नुसते बसतात गं. पण तुझ्या चेहऱ्यावर ते चोरटं हसू होतं, ईशाला जेवणाआधी चॉकलेट दिल्यावर यायचं ते.

नंतर एका संध्याकाळी जपाननं आयर्लंडला हरवलं. यंदाचा वर्ल्ड कप जपानात, मॅच टीव्हीवर चालू, नर्स सामोअन, रग्बीची वेडी, तिनंही दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या. ती गेल्यावर तू आवाज बंद केलास आणि म्हणालास, "अशू, माझं मत बदललंय."

"कशाबद्दल?"

"आधी कोण, त्याबद्दल. तुझं म्हणणं पटायला लागलंय."

मी विचारलं, म्हणजे आमचं पहिलं? तू म्हणालास, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, आणि डोळे मिटलेस.

मी इतकी घाबरले, मिलिंद. रिपोर्ट ऐकताना घाबरले नव्हते तेवढी. आयुष्यभर एक इंच न हटलेला माणूस असा सहज बाजूला होतो म्हणजे काय? मला तू भांडायला हवा होतास. म्हणून मी काय केलं, तर तुझी बाजू घेतली. म्हटलं, अरे पण ती भाड्याची खोली? ते गुरुजी? ती चार पोरं? ती जर बसलीच नसती तर पुढची इमारत, तो कागद, काही झालं असतं का? तुझीच वाक्यं तुझ्याच आवाजात मी तुला ऐकवत होते. तू डोळे न उघडता हसलास. म्हणालास, छान मांडतेस. आणि भांडला नाहीस.

पुढे जपाननं स्कॉटलंडलाही हरवलं, ते तुला अर्धवट कळलं असावं. त्याच आठवड्यात तू गेलास. आपले ऑल ब्लॅक्स सेमीफायनलला हरले ते बघायला तू राहिला नाहीस, हे एक बरंच झालं. तू असतास तर आठवडाभर जेवला नसतास.

तर आता माझ्यापुढे हा प्रश्न आहे. तुझा मरेपर्यंतचा हेका सांगू, की मरताना बदललेलं मत सांगू? तुमच्या बाजूनं निकाल दिला तर तू शेवटी मला जे दिलंस ते मी खोटं पाडते. आमच्या बाजूनं दिला तर लोक म्हणतील, बायकोनं मेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं घातलं, आणि इशिदा-सान, जे तुला मुलगा मानायचे, ते त्या बागेत सगळ्यांदेखत हरतील. ईशा म्हणाली, "आई, जस्ट से इट वॉज अ टाय. एव्हरीवन्स हॅपी. स्वीट अ‍ॅज." म्हणजे झक्कास. मी म्हटलं, तुझ्या बापानं आयुष्यात कधी टाय केली नाही. त्यावर तिनं मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. मुलगी मराठी बोलत नाही, पण तिला सगळं कळतं.

एवढं लिहून ठेवलं होतं. आता रविवार होऊन गेला आहे.

आभाळ भरलेलं होतं आणि सीगल्स पावासाठी टपून होते. मी ठरवलं होतं की जे झालं ते जसंच्या तसं सांगायचं. पण निकालाआधीच एक गोष्ट झाली जी माझ्या लक्षात आली नव्हती, इतकी वर्षं जपानी शिकवूनही. यंदा कांपाई नव्हतंच. आपल्यातलं कोणी गेलेलं असलं की कांपाई म्हणत नाहीत, 'केनपाई' म्हणतात. पेला फार उंच न्यायचा नाही, कोणाच्या पेल्याला लावायचा नाही, आवाज करायचा नाही. इशिदा-सान आणि मोरिता-सान दोघंही माझ्यासमोर येऊन वाकले आणि म्हणाले, आज आधी तुम्ही. तुझं नाव घेऊन मी बार्लीच्या चहाचा पेला थोडासा उचलला. सगळ्यांनी आपापले पेले तेवढेच उचलले. ईशा माझ्या दंडाला धरून होती.

मग मी जपानीत सांगितलं की निकाल माझ्याकडे नाही. मिलिंद शेवटी मला इतकंच म्हणाला की त्याचं मत बदललं आहे आणि माझं म्हणणं त्याला पटायला लागलं आहे. यावरून काय समजायचं ते तुम्ही समजा, मी दुसऱ्या बाजूची आहे, माझ्यावर विश्वास ठेवू नका. बोलताना मी इशिदा-सानांकडे बघत नव्हते. बघितलं तेव्हा ते दुखावलेले दिसले नाहीत. गोंधळलेले दिसले.

ते म्हणाले, "वहिनी, असं कसं होईल? त्यानं माझा हात हातात घेऊन सांगितलं, आपलंच पहिलं. बार्बेक्यूपर्यंत कोणाला बोलू नका म्हणाला."

मोरिता-सानांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "मलाही तेच म्हणाला. आमचं पहिलं. इशिदा-सानांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल, असंही म्हणाला."

मग आधी ईशा हसली. तुझंच हसू, नाकातून फसकन निघणारं. "बाबा प्लेड ऑल ऑफ यू," ती म्हणाली, आणि मग इशिदा-सान हसायला लागले. मोरिता-सान गवतावर खाली बसून हसले. दोन म्हातारे डोळे पुसत एकमेकांना सांगत होते की हॉस्पिटलमध्ये तो किती गंभीर चेहरा करून बोलला, कशी शपथ घातली. मीही हसले. नंतर त्यांनी नेहमीसारखं दगड-कागद-कात्री केलं, मोरिता-सान जिंकले, आणि पुढच्या वर्षी पहिला मान त्यांचा असं ठरलं. इशिदा-सान तोंड पाडून बसले. मला ते बघून फार बरं वाटलं.

घरी येताना गाडी ईशा चालवत होती. फ्लॅट बुशचा फाटा आला आणि मला तुझा राग आला. खरा राग, तू गेल्यापासून पहिल्यांदा. इशिदा-सानांना जे ऐकायचं होतं ते तू त्यांना दिलंस. मोरिता-सानांना जे ऐकायचं होतं ते त्यांना दिलंस. दोघांच्या आयुष्यात आता उरलंय काय, त्यांना एकेकदा पहिलं होऊ दे, असा तू विचार केला असणार, आणि तो बरोबरच होता. त्या दोघांसाठी मी तुझ्या पाया पडेन. पण मग मला काय दिलंस? मलाही तेच ना? अशूला आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते एकदा म्हणून टाकू, तिला जिंकू देऊ, म्हणजे ती बरी राहील.

मी त्यांच्यासारखी नाही, मिलिंद. मला जिंकायचं कधीच नव्हतं. तुला इतक्या वर्षांत एवढं कळू नये? तू समोर बसून चहा गार करत, बोट नाचवत माझं सगळं खोडून काढायचास, ते मला हवं होतं. मला ते रोज हवं होतं. दहीभाताच्या दिवसापासून म्हण, पुण्यातल्या सहीपासून म्हण, तुझ्या तारखेपासून किंवा माझ्या, मला फक्त तेवढंच हवं होतं.

तेव्हा तुझं बदललेलं मत मी स्वीकारत नाही. न्यायाधीशानं तिघांना तीन निकाल दिले, म्हणजे निकाल झालाच नाही, प्रकरण अजून उभं आहे. माझं म्हणणं पहिल्यापासून मांडते, नीट ऐक. भाड्याच्या खोलीत चार पोरं येऊन बसली म्हणून विद्यापीठ होत नाही. कोणी कितीही मनापासून सुरू केलं तरी होत नाही. कागद लागतो, शिक्का लागतो. होत नाही म्हणजे नाही.

आता बोल.